वाचकांचे प्रश्न : ‘आवडले नाही’ एवढे म्हणणे पुरेसे आहे का?

प्रश्न : मी मुलुंडला राहते आणि फोर्टमधील एका बँकेत नोकरी करते. माझे वाचन जाता-येता लोकलमध्ये होते, तेही बसायला जागा मिळाली तरच. आमच्या भिशीत दरमहा एकीने अलीकडे वाचलेल्या पुस्तकांविषयी बोलायचे असे ठरले असून या वेळी माझी पाळी होती. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ मला फार आवडली, परंतु तिचा नायक कणाहीन वाटला. शेवटची पाने वाचताना मुलुंड केव्हा गेले ते कळले नाही आणि ठाण्याहून परत यावे लागले. गोविंद नारायण माडगांवकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ रंजक आहे, मात्र मी रोज ज्या सीएसएमटीला उतरते त्या भव्य इमारतीविषयी त्यात अवाक्षर नाही, हे खटकले. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ दोनदा हाती घेतली आणि दोन्ही वेळा साठाव्या पानाच्या आसपास सोडून दिली. त्यावर एका शेजारणीने सर्वांदेखत ‘तुम्हाला ती कळलीच नाही’ असे सुनावले. माझ्यासारख्या साध्या वाचकाने मत देऊच नये का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : मत अवश्य द्यावे. मात्र आपल्या तीन मतांपैकी एक मागे घ्यावे लागेल, एक अधिक ठामपणे मांडता येईल आणि तिसरे साठ पानांपुरतेच धरावे लागेल.

मागे घ्यावे लागेल ते स्थानकाविषयीचे. माडगांवकरांचे पुस्तक १८६३ सालचे आहे. सीएसएमटीच्या इमारतीचे बांधकाम १८७८ मध्ये सुरू झाले आणि लेखक तर १८६५ मध्येच निवर्तले होते. तेव्हा हा दोष त्यांच्या माथी मारता येणार नाही. उलट, जे पुस्तकात नाही त्यावरूनच हे वर्णन कोणत्या मुंबईचे आहे ते उमगते. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली, म्हणजे आपण रोज ज्या मार्गाने ये-जा करता तो मार्ग त्या वेळी अवघा दहा वर्षांचा होता. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला होता, इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि शहरात पैसा खुळखुळत होता. ज्या तटांमुळे आपल्या बँकेच्या परिसराला आजही फोर्ट म्हणतात, ते तट पाडले गेले तेही त्याच दशकात. जुने पुस्तक उघडताना पहिल्या आवृत्तीचे साल आधी पाहून घ्यावे, एवढी एक सवय लावून घेतली की अशा चुका बहुतेक टळतात. (हे सांगणाऱ्याने स्वतः असल्या चुका भरपूर केल्या आहेत.)

‘रणांगण’चे साल १९३९, म्हणजे दुसरे महायुद्ध सुरू झाले ते वर्ष. जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू प्रवासी, युरोपातून निघालेली बोट, त्या बोटीवर जुळलेले चक्रधर आणि हॅर्टा यांचे प्रेम, आणि मुंबईला एकटाच उतरणारा चक्रधर, असे हे कथानक आहे. पुढे छळछावण्यांत काय घडले हे आपल्याला ठाऊक आहे. कादंबरी लिहिताना लेखकाला ते ठाऊक असणे शक्य नव्हते. तरीही साल पाहून नायकाला माफ करावे, असे मी म्हणणार नाही. आपल्या दुबळेपणाचे निवेदन चक्रधर स्वतःच्याच तोंडाने करतो आणि बेडेकर त्याची वकिली करीत नाहीत. त्यामुळे तो कणाहीन वाटणे हा कादंबरीचा दोष नसून तिचा परिणाम आहे. तो मुंबईला उतरला आणि आपल्याला मात्र मुलुंडला उतरता आले नाही, ही हकिकत आपण भिशीत सांगितली होती का? नसेल, तर पुढच्या वेळी विशेषणे बाजूला ठेवून तीच सांगावी.

आता ‘कोसला’. नेमाडे यांनी ती पंचविशीत लिहिली आणि १९६३ साली ती प्रसिद्ध झाली. ती आवडलीच पाहिजे असा दंडक नाही, आणि ‘कळली नाही’ म्हणणाऱ्या शेजारणीला ‘नेमके कोणते पान?’ असे विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. पण साठ पाने वाचून ‘कादंबरी कंटाळवाणी आहे’ असे म्हणू नये, ‘मी साठाव्या पानावर थांबले’ असे म्हणावे. मी ती प्रथम विशीत वाचली, तेव्हा पुण्याच्या होस्टेलवरचा पांडुरंग सांगवीकर मला माझ्याच खोलीतला वाटला. पन्नाशीत पुन्हा वाचली, तर लक्ष सारखे त्याच्या वडिलांकडे जात होते, आणि होस्टेलची काही पाने मीही भराभर उलटली. तिसऱ्यांदा प्रयत्न करावासा वाटलाच, तर धाकट्या बहिणीचा, मनीचा, मृत्यू येतो ती पाने थेट उघडून वाचावीत. क्रम मोडल्याबद्दल कोणी दंड करीत नाही. ती पाने वाचूनही मागे वळावेसे वाटले नाही, तर पुस्तक ग्रंथालयाला परत करावे आणि पुढचे घ्यावे.

प्रश्न : मी सेवानिवृत्त असून ग्रंथालयातून आणलेल्या पुस्तकांच्या समासात ‘सुंदर’, ‘भिकार’ असे शेरे पेन्सिलीने लिहितो. पुढच्या वाचकाची सोय व्हावी हा हेतू असतो. ग्रंथपालांनी हरकत घेतली आहे. आपले मत काय?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : ग्रंथपालांचे बरोबर आहे. शेरा वेगळ्या चिठ्ठीवर लिहून पुस्तकात ठेवता येईल, आणि त्यावर ‘भिकार’ हा शब्द कोणत्या प्रकरणामुळे सुचला तेही लिहावे. नुसत्या शेऱ्यावरून पुढच्या वाचकाला आपल्या हस्ताक्षराविषयीच काय ते मत बनवता येईल.