नेत्याचं पेज सांभाळणं हे करिअर आहे का?

प्रश्न : माझी मुलगी टी.वाय.बी.ए.ला आहे, विषय राज्यशास्त्र. वर्षभर ती आमच्या भागातल्या एका माजी नगरसेवकांचं फेसबुक आणि इन्स्टाग्राम सांभाळते. त्यांना पुढे विधानसभा लढवायची आहे. महिन्याला थोडे पैसे रोख मिळतात. आता म्हणते, एम.ए. नको, हेच पूर्णवेळ करते. पुढाऱ्यांच्या मागे फिरण्यात कसलं करिअर? तिला कसं समजवावं?
– एक पालक, सिंहगड रस्ता, पुणे

उत्तर : नमस्कार. समजवायच्या आधी एक दिवस तिच्या शेजारी बसून ती नेमकं काय करते ते बघा. हे काम खरं आहे. आमदार-खासदारांना आता वर्षभर अशी माणसं लागतात, त्यासाठी एजन्सीही आहेत. तुमची काळजी मला कळते, पण ‘मागे फिरणं’ हा शब्द तिच्यासमोर वापरू नका. बोलणंच खुंटेल.

मला काळजी वाटते ती वेगळ्या कारणाने. वाढदिवसाच्या शुभेच्छा, जयंतीचं ग्राफिक, उद्घाटनाचे फोटो, गाणं लावलेलं रील एवढंच ती करत असेल, तर उद्या तिच्याहून कमी पैशांत ते करून देणारा कोणीही मिळेल. या कामाचा जीव पोस्टखालच्या प्रतिक्रियांत आहे. सुरेश प्रभू 2014 ते 2017 या काळात रेल्वेमंत्री होते. प्रवासी धावत्या गाडीतून ट्विटरवर अडचण लिहायचे आणि पुढच्या स्थानकावर मदत पोचल्याच्या बातम्या यायच्या. परदेशात अडकलेल्यांच्या बाबतीत सुषमा स्वराज यांनी परराष्ट्रमंत्री असताना हेच केलं. अशा प्रत्येक उत्तरामागे कोणीतरी तक्रार वाचतं, ती खरी आहे का बघतं, योग्य अधिकाऱ्याला गाठतं आणि काम झालं की परत कळवतं. लोकप्रतिनिधीने लोकांशी बोलणं ते हेच. रील हा त्याचा लहानसा भाग.

मुलीला एक प्रश्न विचारून बघा. जानेवारी 2025 मध्ये तुमच्याच पट्ट्यात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या बाजूला जीबीएसचे, म्हणजे हातापायांतली ताकद जाणाऱ्या ‘गियाँ-बारे सिंड्रोम’ या मज्जातंतूंच्या आजाराचे, रुग्ण वाढले. पिण्याच्या पाण्याबद्दल शंका होती, अफवाही फिरत होत्या. त्या आठवड्यात पेज तुझ्या हातात असतं, तर तू काय टाकलं असतंस? ‘साहेबांनी पाहणी केली’ असा फोटो, की पाणी उकळून प्या, हातापायांत मुंग्या किंवा अशक्तपणा जाणवला तर अंगावर काढू नका, टँकरसाठी कोणत्या क्षेत्रीय कार्यालयाला फोन करा, ही माहिती? दुसरं उत्तर देता येण्यासाठी महापालिकेचा कारभार कसा चालतो हे माहीत हवं, डॉक्टरांशी बोलून खातरजमा करता यायला हवी आणि चार ओळींत स्वच्छ मराठी लिहिता यायला हवं. राज्यशास्त्राची मुलगी इथे इतरांच्या पुढे जाऊ शकते. म्हणून शिक्षण सोडू नये, असं माझं ठाम मत आहे.

एम.ए. राज्यशास्त्रातच करायला हवं असं नाही. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा पत्रकारितेचा विभाग आहे. लिहिणं आणि पडताळणं या दोन्हींची सवय तिथे लागेल, त्यामुळे माझा कल तिकडे आहे. पत्रकारितेची पदवी असेल तर शासनाच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाचाही विचार करता येतो. तिथली माहिती अधिकाऱ्यांची पदं एमपीएससीमार्फत भरली जातात, आणि नेता हरला म्हणून ती नोकरी जात नाही.

आता रोख पैशांबद्दल, कारण पत्रातली मला सर्वांत खटकलेली गोष्ट तीच आहे. निवडणूक आयोगाने 2013 मध्येच स्पष्ट केलं आहे की उमेदवाराने आपल्या सोशल मीडिया खात्यांची माहिती प्रतिज्ञापत्रात द्यायची, तिथल्या राजकीय जाहिराती आधी प्रमाणित करून घ्यायच्या, आणि ही खाती सांभाळणाऱ्यांचा पगारसुद्धा निवडणूक खर्चात दाखवायचा. म्हणजे साहेब विधानसभेला उभे राहिले की तिचं मानधन हा हिशेबाचा भाग होतो. आजच कामाचं स्वरूप, तास आणि रक्कम लिहून घ्या, पैसे बँकेत जमा होऊ द्या. पुढे अनुभवाचा दाखला म्हणूनही तेच कागद उपयोगी पडतील.

आणि काही गोष्टींना तिने कोणीही सांगितलं तरी नाही म्हणायचं. स्वतःच्या सिमकार्डवर बनावट खाती उघडायची नाहीत. विरोधकाचा कापलेला किंवा एआयने बनवलेला व्हिडिओ पुढे पाठवायचा नाही. अशी बनावट चित्रफीत लक्षात आणून दिल्यावर पक्षांनी 3 तासांत काढावी, असा आयोगाचा मे 2024 मधला आदेश आहे. तक्रार झाली तर ‘मला वरून सांगितलं होतं’ एवढ्यावर पोस्ट टाकणाऱ्या मुलीची सुटका होत नाही. साहेबांच्या कार्यालयात हे बोलायची वेळ आली, तर तुम्ही सोबत जा. वडीलधारं माणूस शेजारी असलं की पहिला नकार देणं सोपं जातं.

सध्या तिला काम अर्धवेळ चालू ठेवू द्या आणि पदव्युत्तर प्रवेशाच्या तारखा दोघांनी मिळून बघा. दर आठवड्याला पेजवर आलेल्या तक्रारी, त्या कोणाकडे पाठवल्या आणि काय झालं, याची वही तिने आजपासून ठेवावी. मुलाखतीत फॉलोअर्सचा आकडा सांगण्यापेक्षा ती वही समोर ठेवलेली बरी.