व्हायरसमधला ‘व्हिर’ वीराचा नव्हे

इंग्रजी शब्दमुळांच्या यादीत ‘व्ही-आय-आर म्हणजे पुरुष’ असं दिलंय, मग व्हायरस त्यात कसा बसवायचा, हा तुमचा प्रश्न. बसवूच नका. ते दोन वेगळे लॅटिन शब्द आहेत. व्हर्च्यू (सद्गुण), व्हिराइल (पौरुषयुक्त) हे ‘विर’ म्हणजे पुरुष यावरून आले. आपला ‘वीर’ त्याचा भाऊबंद. व्हायरस आणि व्हिर्युलंट (जहाल) आले ‘वीरुस’वरून, म्हणजे विषारी द्रव, त्याचा भाऊबंद ‘विष’. लॅटिनमध्ये दोन स्वरांमधल्या ‘स’चा ‘र’ झाला, म्हणून हे नातं चटकन दिसत नाही. (‘विषाणू’ हा मराठी शब्द किती चपखल आहे पाहा.) मात्र ऱ्हस्व-दीर्घ दोन्ही भाषांत नेमकं उलटं आहे, तेव्हा संस्कृतवरून लॅटिनची वेलांटी ठरवू नका.

लॅटिनच्या आत मात्र ती वेलांटी निर्णायक. ‘दिन’ आणि ‘दीन’ रोमन लिपीत सारखेच दिसतात. तसंच ‘लिबेर’ आणि ‘लीबेर’चं. ऱ्हस्व लिबेर म्हणजे झाडाची अंतर्साल, त्यावरून पुस्तक (भूर्जपत्र आठवा), त्यातून लायब्ररी. दीर्घ लीबेर म्हणजे स्वतंत्र. त्यातून लिबर्टी, लिबरल. इंग्रजी लेखनात लांबीची खूण नसते, म्हणून घोळ होतो.

दुसरी कसोटी सामान्यरूपाची. मराठीत प्रत्यय लागतो तो सामान्यरूपाला, लॅटिनमध्ये ते षष्ठीत दिसतं. म्हणून लॅटिन कोश प्रथमेसोबत षष्ठीही देतात. ‘मोर्स, मोर्टिस’ म्हणजे मृत्यू. षष्ठीतला ‘ट’ मॉर्टलमध्ये आहे, आपल्या ‘मर्त्य’मध्येही ‘त’ आहेच. ‘मोस, मोरिस’ म्हणजे रीत, रूढी. ‘ट’ नाही, म्हणून मॉरल. ‘मोरा’ म्हणजे विलंब. २०२० साली कर्जाच्या हप्त्यांना मिळालेलं मोरॅटोरियम त्यातलं. यादीत ‘एम-ओ-आर म्हणजे मरण’ एवढंच पाठ केलं, की हे तिन्ही एका खड्ड्यात जातात.

तेव्हा वहीत मूळ टिपताना कोशातली व्युत्पत्ती पाहा आणि प्रथमा, षष्ठी, अर्थ असं तिन्ही लिहा. स्वरावर आडवी रेघ असेल तर तो दीर्घ. बऱ्याच इंग्रजी कोशांत ती रेघ गाळलेली असते. मग लॅटिन कोश उघडा. हे रोमन लिपीतच उतरवा, कारण ‘मोरिस’चा ओ दीर्घ आणि ‘मोरा’चा ऱ्हस्व, पण देवनागरीत ओकाराला तसा भेदच नाही.

एवढं करूनही मिनिएचर फसवतो, कारण इथे अर्थच सरकलाय. तो मायनर, मायनसच्या घरातला वाटतो, पण मूळ ‘मिनिउम’, म्हणजे शेंदूर. मध्ययुगीन हस्तलिखितांत ठळक अक्षरं शेंदराने रंगवत, तसं रंगवण्याच्या लॅटिन क्रियापदावरून हस्तलिखितातल्या चित्राला हे नाव पडलं. चित्रं लहान, शिवाय मायनरशी ध्वनिसाम्य. म्हणून पुढे ‘छोटं’ हाच अर्थ चिकटला.