‘थ्री मस्केटिअर्स’वाला ड्यूमा आणि केमिस्ट्रीतला ड्यूमा एकच का? नसतील, तर एकाच घराण्यातले तरी आहेत का?

नाही. माणसं दोन, घराणीही दोन. मी नागपुरात अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवतो आणि ऑरगॅनिकमध्ये नायट्रोजन काढायची ‘ड्यूमा मेथड’ आली की वर्गातलं एखादं वाचणारं पोरगं हाच प्रश्न विचारतं. तेव्हा जरा सविस्तरच लिहितो.

गोंधळ होणं साहजिक आहे, कारण दोघे जवळपास एका वयाचे. केमिस्ट जाँ-बातिस्त ड्यूमा १८०० साली जन्मला, लेखक अलेक्झांडर ड्यूमा १८०२ साली. दोघं विशीत पॅरिसला आले आणि तिथेच नावारूपाला आले. पण केमिस्ट दक्षिण फ्रान्समधल्या आलेस गावचा, तर लेखक पॅरिसच्या ईशान्येकडच्या विलेर-कोत्रेचा.

फ्रान्सच्या दक्षिणेकडच्या बोलीत शेतावरच्या घराला, म्हणजे घर, गोठा, भोवतीची जमीन अशा सगळ्या वाडीलाच, ‘मास’ म्हणतात. ‘द्यू मास’ म्हणजे त्या वाडीवरचा. आपल्याकडे पिंपळगावकर जसे डझनभर वेगवेगळ्या पिंपळगावांहून आलेले असतात आणि त्यांचं एकमेकांशी काही देणंघेणं नसतं, तसंच हे. दक्षिणेत अशा वाड्या ठिकठिकाणी होत्या, म्हणून ड्यूमाही ठिकठिकाणी झाले. ‘देल्मास’ हे आडनावही त्यातलंच. १९६९ ते १९७२ या काळात फ्रान्सचे पंतप्रधान असलेले शाबां-देल्मास आठवत असतील, तर ते आडनावाने ‘वाडीवरचे’च.

आता गंमत अशी की जो ड्यूमा जगाला सगळ्यात जास्त माहीत आहे, त्याचं आडनाव फ्रान्समधल्या कुठल्याच वाडीवरून थेट आलेलं नाही. ते आलं त्याच्या आजीकडून, आणि आजी होती कॅरिबियन बेटावरची गुलाम बाई.

तिचं नाव मारी-सेसेत ड्यूमा. बेट सां-दोमिंग, आजचं हैती. तिथे आंत्वान दाव्ही द ला पायत्री नावाचा एक फ्रेंच सरदारपुत्र भावाशी भांडून, नाव बदलून राहत होता. त्याला मारी-सेसेतपासून मुलं झाली, त्यातला तोमा-आलेक्सांद्र १७६२ चा. बापाने १७७५ मध्ये फ्रान्सला परतताना प्रवासखर्चासाठी या पोराला चक्क गहाण टाकलं, आणि पुढच्या वर्षी पैसे भरून सोडवून घेतलं. पोरगा फ्रान्सला आला, तलवारबाजी आणि घोडेस्वारी शिकला, सरदारपुत्रासारखा वाढला. १७८६ मध्ये त्याने साधा शिपाई म्हणून पलटणीत नाव घालायचं ठरवलं, तेव्हा बापाने अट घातली की घराण्याचं नाव असल्या हलक्या जागी लावायचं नाही. मग पोराने आईचं लावलं. पलटणीच्या वहीत लिहिलं गेलं: आलेक्सांद्र ड्यूमा.

सात वर्षांनी, १७९३ मध्ये, हा शिपाई जनरल झाला होता. मधे राज्यक्रांती झाली नसती तर ते शक्यच नव्हतं. १७९७ मध्ये टिरोलच्या डोंगरात एका पुलावर त्याने जवळजवळ एकट्याने ऑस्ट्रियन घोडदळ अडवून धरलं, तेव्हापासून शत्रू त्याला ‘काळा सैतान’ म्हणू लागले. पुढे इजिप्तच्या मोहिमेत नेपोलियनशी बिनसलं. परतताना जहाज इटलीत तारांतोला लागलं आणि तिथे तो कैदेत पडला. दोनेक वर्षांनी सुटला तेव्हा तब्येत पार ढासळलेली होती. १८०६ मध्ये गेला. विधवेला पेन्शन मिळाली नाही. मुलगा तेव्हा चार वर्षांचाही नव्हता. हाच मुलगा पुढे कादंबरीकार झाला, आणि निर्दोष माणसाला वर्षानुवर्षं अंधारकोठडीत डांबल्याची जी गोष्ट त्याने लिहिली, तिच्यात बापाची कैद आहे असं अनेकजण मानतात. मलाही ते पटतं.

म्हणजे सरदारी नाव उपलब्ध असूनही या घराने तीन पिढ्या लावलं ते आजीचं नाव. तिसरी पिढी म्हणजे लेखकाचा मुलगा, तोही अलेक्झांडर, तोही लेखक. म्हणून फ्रेंच लोक बापाला ‘ड्यूमा थोरले’ आणि मुलाला ‘ड्यूमा धाकटे’ अशा अर्थाने ओळखतात. ज्या कथेवर वेर्दीचा ‘ला त्राव्हियाता’ हा ऑपेरा बेतलाय, ती धाकट्याची.

पॅरिसच्या सतराव्या विभागात एक चौक आहे, त्याला एकेकाळी लोक ‘तीन ड्यूमांचा चौक’च म्हणत. थोरल्या लेखकाचा पुतळा १८८३ मध्ये बसला, धाकट्याचा १९०६ मध्ये आणि जनरलचा १९१३ च्या सुमारास. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये जनरलचा पुतळा तेवढा उखडून वितळवण्यात आला. २००९ मध्ये त्या जागी काय बसवलं, तर गुलामाच्या पायातल्या तुटलेल्या बेड्या, माणसाहून किती तरी उंच. मला हे अर्धंच पटतं. घोडदळ गाजवलेल्या जनरलला पुन्हा बेड्यांवरूनच का ओळखायचं? लेखकाच्या वाट्याला मान आला, पण मरणानंतर १३२ वर्षांनी. २००२ मध्ये त्याची शवपेटी पॅरिसच्या पँथिऑनमध्ये, म्हणजे राष्ट्राच्या थोरांच्या समाधिस्थळी, नेली, तेव्हा निळ्या मखमलीवर ‘सर्वांसाठी एक, एकासाठी सर्व’ हे त्याचंच वाक्य होतं आणि पेटी उचलणाऱ्या जवानांना मस्केटिअर्सचा पोशाख घातला होता. राष्ट्राध्यक्ष शिराक यांनी भाषणात, या लेखकाला वर्णद्वेष सोसावा लागला होता हे उघड मान्य केलं.

(मध्येच सांगतो: त्याच काळात फ्रेंच सैन्यात माथ्यू ड्यूमा नावाचा दुसरा एक जनरल होता, माँपेलिएचा, खानदानी घरातला. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात आणि पुढे १८१२ च्या रशिया मोहिमेत तो होता. त्याचंही नातं नाही. जुन्या कागदांत नुसतं ‘जनरल ड्यूमा’ दिसलं की नीट बघावं लागतं.)

आता आमचा ड्यूमा, म्हणजे केमिस्ट. लेखकापुढे हा माणूस फिका पडतो असं मुलांना वाटतं, पण त्याच्या आयुष्यातही मसाला कमी नाही. पॅरिसच्या राजवाड्यात एका मेजवानीच्या रात्री मेणबत्त्यांचा असा धूर झाला की पाहुण्यांना ठसका लागला. चौकशी आली ड्यूमाच्या सासऱ्याकडे, कारण ते सेव्हरच्या सरकारी चिनीमातीच्या कारखान्याचे प्रमुख होते. त्यांनी ती जावयाकडे सरकवली. ड्यूमाने शोधून काढलं की मेण पांढरंशुभ्र करायला क्लोरीन वापरलाय, तो मेणात जाऊन बसलाय आणि जळताना हायड्रोक्लोरिक ॲसिडचा वायू होऊन बाहेर पडतोय. दुसरा कोणी असता तर ‘क्लोरीन वापरू नका’ सांगून मोकळा झाला असता. याने विचारलं, क्लोरीन बसला तर बसला कुणाच्या जागी? उत्तर होतं हायड्रोजनच्या. त्यातून त्याचा सबस्टिट्यूशनचा सिद्धांत निघाला. आज आपण अकरावीत ‘हायड्रोजनच्या जागी क्लोरीन’ असं सहज लिहितो, पण तेव्हा बर्झेलियससारख्या दिग्गजांना हे साफ अमान्य होतं. हायड्रोजन धन आणि क्लोरीन ऋण, मग एकाच्या जागी दुसरा बसेल कसा, हा त्यांचा मुद्दा.

आणि मग झाली ती थट्टा. १८४० मध्ये केमिस्ट लीबिगच्या नामांकित जर्मन नियतकालिकात एक पत्र छापून आलं. लेखक म्हणे एका संयुगातला एकेक अणू काढून क्लोरीन घालत गेला, शेवटी सगळाच क्लोरीन झाला तरी पदार्थाचे गुणधर्म तेच राहिले, आणि लंडनच्या दुकानांत आता क्लोरीनच्या सुताचं कापड मिळतं, रात्रीच्या टोप्यांना त्याला फार मागणी आहे. खाली सही: एस. सी. एच. विंडलर. अक्षरं सलग वाचली की जर्मनमध्ये ‘लबाड’ होतं. हे पत्र वोलरने लिहिलं होतं, तोच तो प्रयोगशाळेत युरिया बनवणारा केमिस्ट. ड्यूमाला ते अर्थातच आवडलं नाही. पण मुद्द्यात तोच बरोबर निघाला.

पुढे तो मंत्री झाला, सिनेटर झाला. सोर्बोनमधली त्याची व्याख्यानं ऐकून भारावलेल्या विद्यार्थ्यांत एक पाश्चर होता. १८६५ मध्ये आलेसच्या भागात रेशीमकिडे रोगाने पटापट मरत होते, तेव्हा ड्यूमाने गळ घालून पाश्चरला तिकडे पाठवलं. पाश्चरने तोवर रेशीमकिड्याला हातही लावला नव्हता. त्या कामात त्याची पुढची काही वर्षं गेली आणि रोगजंतूंकडे तो वळला त्यात या कामाचा वाटा मोठा आहे. आयफेल टॉवरच्या पहिल्या मजल्याखाली चारी बाजूंनी ७२ शास्त्रज्ञ-इंजिनिअरांची नावं कोरलीत, त्यात जे ‘ड्यूमा’ दिसतं ते याचं. पर्यटक त्याचा फोटो काढून ‘मस्केटिअर्सवाला’ म्हणून टाकतात, तेव्हा माझा जीव तुटतो.

परीक्षेपुरतं: ड्यूमा पद्धतीत पदार्थ कॉपर ऑक्साइडबरोबर तापवून नायट्रोजन वायूच्या रूपात गोळा करतात आणि त्याचं आकारमान मोजतात. गणितात ॲक्वियस टेन्शन, म्हणजे पाण्याच्या वाफेचा दाब, वजा करायला पोरं हमखास विसरतात. ही पद्धत पुस्तकातच मेली असंही नाही. धान्य, दूध, पशुखाद्य यांतलं प्रोटीन काढायला आजच्या प्रयोगशाळा याच तत्त्वावरची स्वयंचलित यंत्रं वापरतात.

दोन्ही ड्यूमा घराणी एका छपराखाली आली ती मात्र खरी. फ्रेंच अकादमीत धाकटा लेखक १८७४ मध्ये निवडून गेला आणि केमिस्ट १८७५ मध्ये. केमिस्ट १८८४ मध्ये वारला, तोवर दोन ड्यूमा तिथे सभासद होते. थोरल्याला, ज्याच्यामुळे हे नाव घरोघरी गेलं त्याला, अकादमीने कधीच घेतलं नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण नागपूरकराने तिसऱ्या ड्यूमाबद्दल गप्प बसणं बरं नव्हे. या दोघांच्या जन्माआधी साठ-एक वर्षं पाँडिचेरीला प्येर बेन्वा ड्यूमा नावाचा गव्हर्नर होता, १७३५ ते १७४१. कारैकल तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यातून फ्रेंचांकडे गेलं ते याच्याच वेळी, १७३९ मध्ये. पुढच्या वर्षी आमचे रघुजी भोसले कर्नाटकात उतरले. मे १७४० मध्ये दमलचेरीच्या घाटात अर्काटचा नवाब दोस्त अली मारला गेला. त्याच्या घरच्या बायका-मुलांनी जडजवाहीर घेऊन पाँडिचेरी गाठली आणि ड्यूमाने वेस उघडून त्यांना आत घेतलं. जावई चंदासाहेबाचं कुटुंबही तिथेच होतं. रघुजींनी खंडणी मागितली, शिवाय चंदासाहेबाची बायको-मुलगा आणि ऐवज ताब्यात द्या म्हणून बजावलं. ड्यूमाने उत्तर धाडलं की आमच्या देशात सोनंचांदी पिकत नाही, लोखंड आणि शिपाई तेवढे मिळतात. निदान फ्रेंच बाजूने ही हकिकत अशी सांगितली जाते.

मग रघुजींचा वकील आला, ड्यूमाने त्याला तट, तोफा, कवायती फौज सगळं हिंडवून दाखवलं आणि जाताना फ्रेंच गोड मद्याच्या काही बाटल्या भेट दिल्या. इतिहासकारांच्या लेखणीत पुढे असं येतं की त्या बाटल्या रघुजींच्या गोटातल्या एका स्त्रीला इतक्या आवडल्या की आणखी मागवाव्या लागल्या, आणि पाँडिचेरीवरचा राग त्या गोडीत विरला. मला ही शुद्ध बढाई वाटते. मार्च १७४१ मध्ये त्रिचनापल्ली हाती आली होती, चंदासाहेब कैद होऊन साताऱ्याला रवाना झाला होता, मोहिमेचं काम झालं होतं. तटबंदीला टकरा देत बसण्यापेक्षा परत फिरणं शहाणपणाचं होतं, आणि रघुजी लवकरच बंगालकडे वळले. ड्यूमाला मात्र या प्रकरणात मुघल दरबाराकडून नवाबकी आणि मनसब मिळाली. त्याच्यामागून गव्हर्नर झालेल्या दुप्लेला ती आयती चालून आली, आणि दुप्लेने तिचा तोरा किती मिरवला हे शाळेच्या पुस्तकातही असतं.

बाकीचे पटकन: अमेरिकेचा चार्ल्स ड्यूमस, १९५६ मध्ये उंच उडीत सात फूट ओलांडणारा पहिला माणूस, त्याच वर्षीचा मेलबर्न ऑलिंपिक विजेता. अमेरिकेत शेवटचा ‘स’ उच्चारतात, फ्रान्सच्या राजधानीत तो गिळतात, त्यामुळे वर्गात दोन्ही चालवून घ्या. केपटाउनला जन्मलेली, ॲम्स्टरडॅमला राहणारी चित्रकार मार्लेन ड्यूमा. रेसिंग ड्रायव्हर रोमां ड्यूमा, ज्याने २०१८ मध्ये अमेरिकेतला पाइक्स पीकचा घाट इलेक्ट्रिक गाडीने आठ मिनिटांच्या आत चढवला. तो जन्माने आलेसचा, केमिस्टच्याच गावचा.

आणि ज्यांचं आडनाव सारखं आहे नि नातंही खरंच आहे, असे ड्यूमा हवे असतील तर हर्मेस या महागड्या फ्रेंच ब्रँडचं दुकान बघा. रोबेर ड्यूमा हे हर्मेस घराण्याचे जावई, रेशमी स्कार्फ बाजारात आणण्यात त्यांचा मोठा हात. त्यांचे चिरंजीव जाँ-लुई. १९८० च्या दशकात विमानात शेजारी बसलेल्या अभिनेत्री जेन बर्किनने चांगली मोठी पिशवी मिळत नाही अशी तक्रार केली, आणि यांनी तिथेच तिचं चित्र काढलं. तीच ती बर्किन बॅग. जेनसाठी बनवलेली मूळ बॅग २०२५ च्या जुलैत पॅरिसच्या लिलावात सुमारे ८६ लाख युरोंना गेली. आता कंपनी चालवतात जाँ-लुईंचे पुतणे, आक्सेल ड्यूमा.