कूलर, एसी आणि थर्मोस्टॅट: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आमच्याकडे अकोल्याला लोखंडी बॉडीचा मोठा कूलर आहे. ईएसपी३२ बोर्ड (प्रोग्राम टाकता येणारा छोटा बोर्ड), तापमान-आर्द्रता मोजणारा डीएचटी२२ सेन्सर आणि दोन रिलेवालं (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणारे स्विच) मॉड्यूल आणून ठेवलंय. खोली ३० डिग्रीच्या वर गेली की पंखा-पंप चालू, २८ ला बंद, असा प्रोग्राम लिहिला. मे महिन्यात मस्त चाललं, पण पाऊस सुरू झाल्यापासून कूलर रात्रभर चालतो, खोली काही २८ ला येत नाही, गाद्या ओलसर लागतात आणि घरचे म्हणतात कायचं ऑटोमेशन, काढून टाक. काय चुकतंय?

उत्तर: प्रोग्राम बरोबर आहे हो, फक्त त्याला अर्धीच माहिती मिळतेय. कूलर एसीसारखा थंड करत नाही, पाणी वाफ होऊन उडतं म्हणून हवा गार होते, आणि हवेत आधीच पाणी भरलेलं असेल तर उडणार कुठे? थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून वारा घातला की जे तापमान दिसतं ते वेट बल्ब तापमान, त्याच्या खाली कुठलाही कूलर जाऊच शकत नाही. नवतपात बाहेर ४४ डिग्री आणि आर्द्रता २० टक्के असेल तर वेट बल्ब २५ च्या आसपास येतं, म्हणजे ताट्या (कूलरच्या बाजूंना लावलेले, पाण्याने भिजणारे पॅड) चांगल्या असतील तर कूलरच्या तोंडाशी २९ वगैरे हवा मिळते, स्वर्गच. आता जुलै घ्या, ३१ डिग्री आणि ८० टक्के, तर वेट बल्ब २८. सगळी मिळून तीन डिग्रीची जागा, आणि तेवढ्यासाठी घरभर चिकचिक. तुमचा बोर्ड बिचारा २८ ची वाट बघत रात्रभर पंप चालवतोय आणि ते २८ कधी येणारच नाही.

म्हणून दुसरा सेन्सर बाहेर लावा, सावलीत, जिथून कूलर हवा ओढतो त्या बाजूला पण ताटीचे शिंतोडे उडणार नाहीत असा. डीएचटी२२ सतत ओल्या हवेत ठेवला की आर्द्रतेचे आकडे भरकटतात, थोडे पैसे जास्त गेले तरी एसएचटी३१ सेन्सर घ्या. तापमान आणि आर्द्रतेवरून वेट बल्ब काढायचं एक सूत्र रोलंड स्टल यांनी २०११ मध्ये दिलंय, एका ओळीत कोडमध्ये बसतं. मग नियम असा: बाहेरचं तापमान आणि वेट बल्ब यात ८ डिग्रीपेक्षा जास्त फरक असेल तरच पंप, ५ च्या खाली आला की पंप बंद आणि नुसता पंखा, मधल्या पट्ट्यात जे चालू आहे तेच चालू राहू दे, नाहीतर रिले टकटक करत बसेल. हे ८ आणि ५ माझे अंदाजाचे आकडे आहेत, तुमच्या ताट्या बघून हलवा. आतली आर्द्रता ७० च्या वर गेली तरी पंप बंद. आणि समोरची खिडकी थोडी उघडी हवीच, ते काम कुठलाही बोर्ड करणार नाही.

अजून एक, चालू करताना आधी पंप आणि दोन-तीन मिनिटांनी पंखा, नाहीतर कोरड्या ताटीतून सुरुवातीला गरम झोत येतो. टाकीत फ्लोट स्विच (पाण्याच्या पातळीवर चालणारा तरंगता स्विच) टाका, पाणी संपल्यावर पंप कोरडा फिरून जळायला नको.

आता ज्याची मला खरी काळजी वाटते ते. त्या निळ्या रिलेवर १० अँपिअर लिहिलेलं असतं ते हीटरसारख्या साध्या लोडसाठी, मोटर चालू-बंद होताना ठिणगी पडते आणि कधीतरी आतले पॉइंट चिकटतात, मग प्रोग्राम बंद म्हणतो आणि पंखा फिरतच राहतो. पंख्याला मोटरसाठीचा काँटॅक्टर (रिलेसारखाच, पण दणकट स्विच) लावा. लाईट जाऊन आल्यावर दोन्ही रिले बंदच राहिले पाहिजेत हे नीट तपासा, काही मॉड्यूलमधले रिले, बोर्ड चालू होताना, क्षणभर आपोआप चालू होतात. लोखंडी बॉडी, ओली फरशी आणि २३० व्होल्ट, दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरच्या शॉकने माणसं जातात, तेव्हा अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) नसेल तर हा प्रोजेक्ट करूच नका. पाणी भरताना बोर्डवर भरवसा न ठेवता प्लग काढायचा. जोडणी वायरमनकडून करून घ्या, त्यात काही कमीपणा नाही.

प्रश्न: पुण्यात फ्लॅट आहे, स्प्लिट एसी. स्मार्ट प्लग लावून खोली गार झाली की करंटच तोडला तर बिल वाचेल का?

उत्तर: नका करू. चालत्या कॉम्प्रेसरचा करंट असा तोडणं वाईट, आणि बऱ्याच एसींना करंट परत आल्यावर रिमोटचं बटण लागतंच. इन्व्हर्टर एसी असेल तर तो स्वतःच वेग कमी करतो, तुम्ही मध्ये पडून उलट नुकसान. त्यापेक्षा ईएसपी बोर्डाला इन्फ्रारेड एलईडी लावून रिमोटचं काम करून घ्या, बहुतेक कंपन्यांच्या रिमोटचे कोड तयार प्रोग्राम-लायब्ररीत मिळतात. एसीचा रिमोट प्रत्येक वेळी तापमान, मोड, पंखा सगळं एकदम पाठवतो, त्यामुळे कोणी हातातला रिमोट वापरला की तुमच्या बोर्डाला पत्ताच नसतो, तेव्हा इन्फ्रारेड रिसीव्हर पण लावा. पहाटे दोननंतर २४ चं २६ करा एवढा एकच नियम ठेवलात तरी पुष्कळ, ऊर्जा दक्षता ब्युरोच्या हिशोबाने एक डिग्रीला साधारण ६ टक्के वीज वाचते.

प्रश्न: न्यू जर्सीला असतो, घर गरम करायला गॅसची भट्टी आहे. तापमान बघून ती चालू-बंद करणाऱ्या भिंतीवरच्या थर्मोस्टॅटच्या जागी स्वतः बनवलेला कंट्रोलर लावायचाय, चालेल?

उत्तर: भिंतीतून बारीक रंगीत वायरी येत असतील तर तो २४ व्होल्टचा सर्किट आहे, आर आणि डब्ल्यू अशी अक्षरं असलेल्या जागांच्या वायरी रिलेने जोडल्या की भट्टी पेटते, बोर्डाला वीज हवी म्हणून सी अक्षराची वायरही लागेल. आधी भट्टीचा ब्रेकर पाडा, आर आणि सी चुकून टेकले तर फ्यूज जातो. जुना थर्मोस्टॅट मात्र फेकू नका, त्याच आर-डब्ल्यूवर समांतर जोडून ५५ फॅरनहाइटवर ठेवून द्या. तुम्ही सुट्टीत भारतात आलात आणि तुमचा बोर्ड जानेवारीत अडकला तरी नळ गोठून फुटणार नाहीत. आणि जाड वायरी दिसल्या, म्हणजे भिंतीलगतचा २४० व्होल्टचा इलेक्ट्रिक हीटर असेल, तर यातलं काहीही लागू नाही, हात लावू नका.