खात्यात जमा झालेला पगार ठेकेदार परत घेत असेल तर

दिघा येथे राहणाऱ्या आणि ऐरोलीच्या एका आयटी पार्कमध्ये सात वर्षे साफसफाईचे काम करणाऱ्या भगिनीने पत्र पाठवले आहे. दरमहा त्यांच्या खात्यात साडेचौदा हजार रुपये जमा होतात. मात्र पगाराच्या दिवशी ठेकेदाराचा सुपरवायझर सगळ्या बायकांची एटीएम कार्डे गोळा करतो, प्रत्येकीच्या खात्यातून चार हजार काढतो आणि मगच कार्ड परत देतो. पीएफ कापला जातो असे सांगतात, पण वर्षभरात पासबुकात काहीच जमा झालेले नाही. ठेकेदाराकडे साठ-सत्तर कामगार आहेत. कंपनीच्या अधिकाऱ्याने "तुमचा संबंध ठेकेदाराशी, आमच्याशी नाही" असे सांगून परत पाठवले. नोकरी न जाता हे थांबेल का, आणि कंपनी आम्हाला कायम करील का, असे त्यांनी विचारले आहे.

ताई, पगार बँकेतून दिला की नंतर घेतलेली रोकड कायद्याला दिसणार नाही, असा ठेकेदाराचा समज असावा, आणि तो पूर्णपणे चुकीचा आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहिता, 2019 च्या कलम 18 नुसार कामगाराने मालकाला किंवा त्याच्या माणसाला दिलेली कोणतीही रक्कम ही वेतनातून केलेली कपातच मानली जाते, आणि संहितेने मान्य केलेल्या कारणांशिवाय कपात करता येत नाही. त्यापूर्वीच्या 1936 च्या वेतन प्रदान अधिनियमातही हीच तरतूद होती. त्यामुळे "बायकांनी स्वखुशीने दिले" हा बचाव टिकणार नाही. शिवाय हातात उरणारी रक्कम तुमच्या कामासाठी ठरलेल्या किमान वेतनाहून कमी भरत असेल, तर तो वेगळा भंग आहे. अशा दाव्यात प्राधिकारी, म्हणजे वेतनाचे दावे ऐकणारा सरकारी अधिकारी, मूळ रकमेखेरीज तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा आदेश करू शकतो.

खरा प्रश्न पुराव्याचा आहे, आणि इथे सुपरवायझरनेच तुमचे काम सोपे केले आहे. तुम्ही आणि आणखी आठ-दहा जणींनी आपापल्या बँकेतून गेल्या दोन वर्षांचे स्टेटमेंट काढावे. एकाच तारखेला, एकाच एटीएममधून, काही मिनिटांच्या अंतराने, प्रत्येकीच्या खात्यातून तेवढीच रक्कम निघाल्याचे त्यात दिसले, तर हा योगायोग आहे असे कोणालाही पटवता येणार नाही, कारण त्या वेळी तुम्ही सगळ्या कामावर होतात हे कंपनीच्या गेटवरील हजेरीच सांगेल. एटीएमचे कॅमेरा चित्रण मर्यादित काळच जपले जाते, म्हणून ताज्या महिन्याचे चित्रण राखून ठेवावे असा लेखी अर्ज बँकेला लगेच द्या. सुपरवायझरचे व्हॉट्सअॅप संदेश पुसू नका. हे सगळे हाती आल्यावर, सर्वजणींनी एकाच दिवशी कार्डे बंद करून नवी घ्यावीत. एकटीने तसे केल्यास तीच लक्ष्य होईल.

कंपनीचे उत्तरही कायद्याला धरून नाही. नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या कंत्राटी कामगार अधिनियम, 1970 च्या कलम 21 नुसार ठेकेदाराने पूर्ण वेतन दिले नाही, तर ते देण्याची जबाबदारी मुख्य नियोक्त्यावर, म्हणजे कंपनीवर येत असे, आणि ती रक्कम ठेकेदाराकडून वसूल करणे हा नंतर तिचा प्रश्न असे. त्याची जागा घेणाऱ्या नव्या कामगार संहितांनीही हे दायित्व कायम ठेवले आहे. पीएफच्या 1952 च्या योजनेतही ठेकेदाराच्या कामगारांची वर्गणी भरण्याची जबाबदारी मुख्य नियोक्त्यावरच टाकलेली आहे. कामगाराचा हिस्सा कापून तो न भरणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 खाली फौजदारी विश्वासघात ठरतो. पासबुकाची प्रत जोडून वाशीच्या भविष्य निर्वाह निधी कार्यालयात तक्रार करा आणि तिच्यात ठेकेदाराबरोबर कंपनीचेही नाव घाला.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कितीतरी कारखाने जाऊन तिथे कचेऱ्या उभ्या राहिल्या. त्या कचेरीत खुर्चीवर बसणाऱ्याची नेमणूक कंपनी करते, आणि खुर्चीखालची फरशी पुसणाऱ्या बाईची नेमणूक सर्वांत कमी दराची निविदा भरणारा ठेकेदार करतो. किमान वेतन, पीएफ आणि स्वतःचा नफा यांचा मेळ ज्या दरात बसूच शकत नाही, तो दर मंजूर करणाऱ्या कंपनीला ही तूट कुणाच्या पगारातून भरली जाते हे कळत नसेल, असे मला वाटत नाही. म्हणूनच तक्रार सुपरवायझरपुरती ठेवू नये, असा माझा आग्रह आहे.

कायम करण्याबाबत मात्र तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2001 च्या स्टील अथॉरिटी प्रकरणात ठरवले की कंत्राटी पद्धत बंद झाली तरी कामगार आपोआप कंपनीचे होत नाहीत. ठेका केवळ दिखाऊ असल्याचे सिद्ध झाले तरच ते कंपनीचे कामगार ठरतात. कंत्राटी कामगारांबाबतच्या नव्या संहितेने (व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, 2020) आस्थापनेच्या 'मुख्य कामा'साठी कंत्राटी कामगार लावण्यास मनाई केली आहे, पण साफसफाईचे काम, आस्थापना त्याच कामासाठी स्थापन झालेली नसेल तर, त्या व्याख्येतून वगळले आहे. सर्वांत कमी पगाराच्या माणसासाठीच हे दार लोटून घेतले गेले, याचे मला वाईट वाटते. तुमच्या हजेरीवर आणि रजेवर कंपनीचाच अधिकारी नियंत्रण ठेवत असेल तर त्याचे कागद जपा, पण तो लांबचा लढा आहे आणि पगाराचा दावा त्यासाठी अडवून ठेवू नका.

घाई करण्यास कारण आहे. वेतन संहितेखाली दाव्याची मुदत तीन वर्षे आहे, परंतु 1936 च्या अधिनियमाखाली ती बाराच महिने होती, त्यामुळे जुन्या महिन्यांबाबत ठेकेदार मुदतीचा वाद नक्की घालील. अर्जात दोन्ही कायद्यांचा उल्लेख करा आणि भीतीमुळे उशीर झाला हे कारण स्पष्ट लिहा. अर्ज तुमच्या वतीने नोंदणीकृत कामगार संघटनाही करू शकते, त्यामुळे एकट्या तुमचेच नाव पुढे येणार नाही. वकिलाच्या शुल्काची चिंता नको, कारण विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 नुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. ठाणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा 15100 या क्रमांकावर विचारणा करा.

तक्रारीनंतर गेटपास अडवला, तर घरी बसू नका. मी कामावर हजर होण्यास तयार आहे आणि मला गेटवर रोखले आहे, असे त्याच दिवशी ठेकेदाराला आणि कंपनीला लेखी कळवा, त्याची प्रत ठाण्याच्या कामगार उपायुक्तांना पाठवून पोच घ्या, आणि राजीनाम्याच्या किंवा कोऱ्या कागदावर कोणत्याही कारणाने सही करू नका.