वाचक विचारतात: लेगोच्या मॉड्युलर बिल्डिंग्जमध्ये एक नंबर कुठली?

प्रश्न: ताई, मी नाशिकला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. लेगोच्या मॉड्युलर बिल्डिंग्जचा मला जाम नाद आहे. माझा मित्र म्हणतो जितके पीस जास्त तितका सेट भारी, म्हणजे म्युझियम एक नंबर, असेंब्ली स्क्वेअर दोन नंबर, विषय संपला. मला हे अजिबात पटत नाही पण वाद घालायला मुद्दे सापडत नाहीत. तुमची आवडती यादी सांगाल का, आणि कारणं पण?

उत्तर: अरे, या प्रश्नाची मी कधीची वाट बघत होते! आधी ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. २००७ मध्ये लेगोनं, म्हणजे प्लास्टिकच्या जोडायच्या विटा बनवणाऱ्या कंपनीनं, कॅफे कॉर्नर नावाचा सेट काढला, मोठ्या माणसांसाठी, जेमी बेरार्ड या डिझायनरनं केलेला, आणि तो बेरार्ड स्वतः आधी साधा फॅन होता, कंपनीत नंतर लागला. तेव्हापासून जवळजवळ दरवर्षी एक बिल्डिंग येते. बेसप्लेट, म्हणजे खालची पाटी, साधारण ३२ बाय ३२ स्टडची (स्टड म्हणजे विटांवरचे ते गोल उंचवटे), म्हणजे साडेपंचवीस सेंटिमीटरच्या आसपास, प्रत्येक मजला वेगळा उचलून आत बघता येतो, आणि कडेला ठरलेल्या जागी पिना असतात त्यामुळे २००७ ची बिल्डिंग २०२५ च्या बिल्डिंगला शेजारी म्हणून बरोबर जोडली जाते. म्हणजे प्रत्येक सेट एकटा नसतो, तो एका रस्त्याचा भाग असतो, आणि माझी सगळी यादी याच एका गोष्टीवर उभी आहे.

आता तुझ्या मित्राचा मुद्दा. पीस मोजून क्रम लावायचा तर काम सोपं आहे खरं, २०२३ चं नॅचरल हिस्टरी म्युझियम ४०१४ पीसचं, २०१७ चं असेंब्ली स्क्वेअर ४००२ चं. पण हे दोन्ही सेट मुळातच ४८ स्टड रुंद आहेत, म्हणजे दीडपट जागा, मग पीस जास्त असणारच ना. आणि दुसरं म्हणजे हल्लीच्या सेटमध्ये बारीक बारीक टाईल्स नि ब्रॅकेट खूप असतात, आकडा वाढतो पण बिल्डिंग तेवढीच राहते. त्यामुळे आकड्यावरून काही ठरवू नकोस. मी तीन गोष्टी बघते: एवढ्याशा जागेत माणसांचं जगणं किती बसवलंय, शेजारच्या बिल्डिंगला ती शोभते का, आणि बांधताना एखाद्या ठिकाणी हात थांबून "अरे हे असं केलंय होय!" असं तोंडातून निघतं का.

या तिन्हीत माझ्यासाठी एक नंबर २०१४ चं पॅरिसियन रेस्टॉरंट. २४६९ पीस, म्हणजे आजच्या मानानं मधलाच आकडा. खाली रेस्टॉरंट आणि त्याचं स्वयंपाकघर, मधल्या मजल्यावर एक छोटंसं घर ज्यात पलंग भिंतीतून खाली ओढायचा (ज्यानं वन रूम किचनमध्ये दिवस काढलेत त्याला हा पलंग बघून काय वाटतं ते मी सांगायला नको), आणि सगळ्यात वर चित्रकाराची खोली, शेकोटी, ईझल, ब्रश, सगळं. बाहेरून जिना वर गच्चीवर जातो आणि तिथे पण टेबलं मांडलेली. पाच मिनिफिगर, म्हणजे लेगोची छोटी माणसं, आहेत आणि पाचही जणांना त्या बिल्डिंगमध्ये काही ना काही काम आहे, शेफ आहे, वेटर आहे, चित्रकार आहे, जेवायला आलेलं जोडपं आहे, कुणी नुसतं उभं राहायला ठेवलेलं नाही. आणि समोरच्या भिंतीवर वरती जी नक्षी दिसते ना, ती पांढऱ्या क्रोसाँची आहे! खाण्याचा पीस, पांढरा रंग दिला आणि झाली नक्षी. लांबून बघितलं तर जुन्या इमारतीचं प्लास्टरकाम वाटतं, जवळ गेल्यावर कळतं. या सिरीजचा सगळा जीव अशाच गोष्टींत आहे असं मी मानते.

दोन नंबर ग्रीन ग्रोसर, २००८. हिला मी एवढं वर का ठेवते तर कॅफे कॉर्नर बाहेरून कितीही देखणी असली तरी आतून पोकळ आहे, मजले आहेत पण खोल्यांत काही नाही. ग्रीन ग्रोसरमध्ये पहिल्यांदा आतलं घर आलं, खाली किराणा आणि भाजी, वर राहायच्या खोल्या, उंच घड्याळ, शेकोटी. त्यानंतरच्या सगळ्या बिल्डिंग्जनी हाच धडा गिरवला. शिवाय तो फिकट राखाडी हिरवा रंग, सँड ग्रीन म्हणतात तो, त्या काळी विटांमध्ये फार मिळायचाच नाही, अख्खी बिल्डिंग त्या रंगात उभी करणं ही हिंमत होती. आज ती नव्या बिल्डिंग्जच्या मध्ये ठेवली तरी म्हातारी दिसत नाही.

तीनवर मी असेंब्ली स्क्वेअर ठेवते, पण मित्राच्या कारणासाठी नाही हं! सिरीजच्या दहाव्या वर्षाचा सेट, खाली बेकरी, फुलांचं दुकान, कॅफे, वर डेंटिस्ट, फोटो स्टुडिओ, वाद्यांचं दुकान, त्याच्या वर डान्स क्लास, आणि एका घरात लेगोचीच आवड असलेलं माणूस राहतं ज्यानं छोट्या छोट्या बिल्डिंग्ज मांडून ठेवल्यात. एका प्लॉटवर एवढे धंदे बघून मला आपला कुठलाही बाजारातला चौक आठवतो, जिथे दातांचा दवाखाना आणि क्लास एकाच जिन्यानं गाठायचा असतो. म्युझियममध्ये मला नेमकं हेच सापडत नाही. ब्रॅकिओसॉरसचा सांगाडा दोन मजले व्यापून उभा आहे, बघायला जबरदस्त, पण तिथे कुणी राहत नाही, कुणाचं बिऱ्हाड नाही, संध्याकाळी कुलूप लागलं की बिल्डिंग रिकामी. म्हणून ते माझ्या पहिल्या पाचात नाही. मित्राला वाईट वाटलं तरी चालेल.

चारवर बुकशॉप, २०२०, फक्त सोळा सोळा स्टडच्या दोन अरुंद बिल्डिंग्ज, एकीत पुस्तकांचं दुकान, दुसरी नुसतं घर, बाहेर एक बर्चचं झाड. दोन्ही सुट्या करून रस्त्यावर लांब लांब पण ठेवता येतात. हीच युक्ती आधी २०११ च्या पेट शॉपमध्ये होती पण बुकशॉपमध्ये ती जास्त देखणी झालीय.

पाचवर कॅफे कॉर्नर. आत काही नाही हे खरं, फक्त तीन मिनिफिगर हे पण खरं, पण स्कीचे पीस नक्षी म्हणून वापरायचं डोकं तिथूनच सुरू झालं, आणि ती नसती तर पुढचं काहीच नसतं. तिला पाचाच्या खाली ढकलायला माझा हात धजत नाही.

बाकीच्यांचं थोडक्यात. ब्रिक बँकेत बँकेच्या शेजारीच लाँड्री आहे आणि पैसे "धुवायची" सोय करून ठेवलीय, ते एक फार हुशारीचं. टाऊन हॉलमध्ये खरंच वरखाली होणारी लिफ्ट आहे, आणि दर्शनी भागावर १८९१ लिहिलंय, ते लेगो सुरू करणाऱ्या ओले किर्क क्रिस्टियनसन यांचं जन्मवर्ष, जसं फायर ब्रिगेडवर १९३२ आहे, ते कंपनीचं वर्ष. पोलीस स्टेशनात डोनटचोराची अख्खी गोष्ट आहे, वरच्या खोलीतून खाली दुकानात भोक पाडलंय! डाउनटाऊन डायनर २०१८ मध्ये आला तेव्हा मिनिफिगरचे चेहरे बदलले, आधी सगळ्यांचं तेच जुनं साधं हसू असायचं, यात वेगवेगळे भाव आले, त्यावर लोक खूप भांडले. मला विचारशील तर चेहरे जुनेच बरे होते, सगळे सारखे हसले की गोष्ट आपण रचतो. कॉर्नर गॅरेज मला कधीच जवळची वाटली नाही, का ते नीट सांगता येणार नाही, बघून पुढे जावंसं वाटतं एवढंच.

आणि तू घ्यायचं म्हणत असशील तर जुन्या बिल्डिंग्ज कंपनीनं बंद केल्यात, बाजारात त्यांच्या किमती पहिल्या किमतीच्या कितीतरी पट झाल्यात, शिकत असताना त्यांच्या मागे लागू नकोस. चालू असलेल्यापैकी एखादी घे. २०२५ चा ट्यूडर कॉर्नर बघ, काळ्या लाकडी पट्ट्यांची पांढरी भिंत, खाली पब, वर घड्याळजी, आणि वर माळ्यावरचं घर, माझ्या तिन्ही कसोट्यांना उतरतो.

प्रश्न: आमच्याकडे नवऱ्याला या बिल्डिंग्जचं वेड आहे, अख्खी शोकेस भरली. धूळ बसते आणि एक पांढरी भिंत पिवळी पडायला लागलीय. पुसू कसं? (एक गृहिणी, पुणे)

उत्तर: काकू, पिवळं पडतं ते धुळीनं नाही, उन्हानं. या विटा एबीएस प्लास्टिकच्या असतात आणि थेट ऊन लागलं की पांढऱ्या, राखाडी आणि निळ्या रंगावर आधी परिणाम दिसतो. शोकेस खिडकीसमोर असेल तर जागा बदला, पडदा लावून भागत नाही. धुळीसाठी मऊ मेकअपचा किंवा रंगाचा ब्रश, रोज नको, अधूनमधून, आणि वरून खाली. फारच मळलं तर मजले सुटे करून कोमट पाण्यात साध्या साबणानं धुवा, पाणी ४० डिग्रीच्या वर नको, वॉशिंग मशिन किंवा हेअर ड्रायर तर अजिबात नको, आकार बिघडतो. स्टिकर लावलेले पीस पाण्यात घालू नका. आणि काकांना सांगा, धुण्याचं काम त्यांनीच करायचं, त्यांनाही आवडेल ते, मजला हातात आला की माणूस परत आत बघायला लागतो.

प्रश्न: ऑनलाईन कॅफे कॉर्नरसारखाच सेट अगदी स्वस्तात दिसतो, दुसऱ्या नावाचा. घ्यावा का?

उत्तर: नको. चीनमध्ये लेपिन नावानं हेच चालायचं, डिझाईन जसंच्या तसं उचलून. २०१९ मध्ये पोलिसांनी धाड घातली आणि २०२० मध्ये शांघायच्या कोर्टानं सूत्रधाराला सहा वर्षांची शिक्षा दिली. कुणाचं तरी डोकं, कुणाचे तरी महिने त्या भिंतीत गेलेले असतात, ते चोरून घेतलेलं मला माझ्या रस्त्यावर नको. जुना सेट हवाच असेल तर ब्रिकलिंक नावाच्या साईटवर सुटे पीस मिळतात, सेटच्या पुस्तिका लेगोच्या साईटवर फुकट आहेत, सावकाश एकेक मजला जमवा.

प्रश्न: ताई, मी नेदरलँड्समध्ये असतो, मूळ गिरगावचा. माझ्याकडे या सिरीजच्या बऱ्याच बिल्डिंग्ज आहेत आणि त्यांच्या शेजारी आमची चाळ उभी करायची इच्छा आहे. ३२ स्टडमध्ये बसेल का?

उत्तर: दादा, बसेल, मस्त बसेल! तुम्ही जिथे राहता तिथल्याच एका फॅननं, एरिक ब्रोक त्यांचं नाव, या सिरीजमधली २००७ ची मार्केट स्ट्रीट केली होती, तेव्हा फॅनची बिल्डिंग रस्त्यावर असण्याची परंपरा पहिल्या वर्षापासूनची आहे.

हिशोब असा करा. मिनिफिगर साधारण चार सेंटिमीटर उंच, त्याला साडेपाच फुटी माणूस धरला तर प्रमाण जवळजवळ बेचाळीसास एक होतं. दहा फुटांची खोली म्हणजे नऊ स्टड, बारा फुटांची म्हणजे अकरा. मग समोरून मागे जाताना सहा स्टड फुटपाथ, चार स्टड गॅलरी, अकरा स्टड बाहेरची खोली, दहा स्टड आतलं स्वयंपाकघर, एक स्टड मागची भिंत, झाले की बत्तीस! रुंदीत नऊ-नऊ स्टडची तीन बिऱ्हाडं बसतात. जिना मात्र उरणाऱ्या पाच स्टडमध्ये बसणार नाही, भिंतीच तेवढी जागा खातात, त्यासाठी एका टोकाच्या खोलीचा बळी द्यावा लागेल, म्हणजे दोन बिऱ्हाडं आणि मोकळा लाकडी जिना. मी असते तर हेच केलं असतं, कारण चाळीत माणसं एकमेकांना भेटतात ती जिन्यात आणि गॅलरीत, खोलीत नाही.

गॅलरीच्या कठड्याला जाळीचे किंवा कुंपणाचे पीस वापरा, रंग लालसर तपकिरी. मंगलोरी कौलांसाठी गडद नारिंगी आणि तपकिरी उतरते पीस मिसळा, एकच रंग घेतला तर छप्पर नवं कोरं दिसेल. भिंत एकसारखी पिवळी नको, मधूनच टॅन रंगाच्या विटा घाला, पोपडे पडल्यासारखं वाटतं. पॅरिसियन रेस्टॉरंटच्या शेजारी ठेवणार असाल तर खालच्या मजल्याची उंची त्याच्याशी जुळवून घ्या, वरचे मजले हवे तितके बुटके करा, जुळली नाही तर चाळ रस्त्यावर परकी वाटेल. कडेच्या पिनांच्या जागा मात्र कुठल्याही सेटवरून मोजूनच घ्या, त्यात अंदाज चालत नाही. आधी ब्रिकलिंकच्या स्टुडिओ या फुकट सॉफ्टवेअरमध्ये एकच मजला काढून बघा, कुठला पीस कुठल्या रंगात मिळतच नाही ते तिथेच कळतं, आणि तो मजला मनासारखा झाल्याशिवाय विटांची ऑर्डर देऊ नका.