'स्वार' शब्दात लपलेला घोडा

प्रश्न असा आला आहे: मुंबईच्या काळा घोडा चौकातल्या नव्या पुतळ्याला 'अश्वारूढ पुतळा' म्हणावे की 'घोडेस्वार पुतळा'?

दोन्ही म्हणू नये. २०१७ साली तिथे उभ्या राहिलेल्या घोड्याच्या पाठीवर कोणीही बसलेले नाही. तो घोड्याचा पुतळा आहे, संपले. 'आरूढ' म्हणजे चढलेला; अश्वावर चढलेला माणूस असेल तरच अश्वारूढ. पुण्यात १६ जून १९२८ रोजी अनावरण झालेला, नानासाहेब करमरकरांनी घडवलेला शिवाजी महाराजांचा पुतळा अश्वारूढ आहे. हल्ली मात्र घोडा दिसला की अश्वारूढ, आणि तेही 'अश्वरूढ' असे लिहिलेले. रूढ वेगळे, आरूढ वेगळे! अश्व अधिक आरूढ, म्हणून 'श्वा'. फलकावर रंग चढवण्याआधी एवढे तरी पाहावे.

मूळचा काळा घोडा खरोखर अश्वारूढ होता. १८७५-७६ मध्ये इंग्लंडचा युवराज हिंदुस्थानात येऊन गेला, त्याची आठवण म्हणून अल्बर्ट ससून यांनी शिल्पकार जोसेफ एडगर बोएम यांच्याकडून हा पुतळा करवून घेतला आणि १८७९ मध्ये तो शहराला मिळाला. त्याला सर्रास 'सातव्या एडवर्ड राजाचा पुतळा' म्हणतात, पण राज्य मिळायला एडवर्डला १९०१ उजाडले. पुतळ्यातला माणूस युवराज आहे. 'काळ्या दगडाचा पुतळा' हेही वारंवार वाचायला मिळते. तो दगड नाही, ब्राँझ आहे. ब्राँझ हवेने काळवंडते. १९६५ मध्ये पुतळा तिथून हलवला, आता तो राणीच्या बागेत आहे. आणि गंमत पाहा, स्वार पाठीवर असतानाही लोकांनी जागेला नाव दिले ते घोड्याचे.

भाषेत एका शब्दाच्या बाबतीत नेमके याच्या उलट झाले आहे, आणि मला खरे सांगायचे आहे ते हेच. 'स्वार' या शब्दात माणूस उरला आणि घोडा नाहीसा झाला.

स्वार हा फारसी 'सवार'. त्याच्या मागे मध्य फारसीतला 'अस्वार', त्याच्याही मागे प्राचीन फारसीतला 'असबार'. यातला 'अस' म्हणजे आपला अश्व. 'बार' हे वाहून नेणे या अर्थाच्या धातूपासून आले आहे. संस्कृतातला 'भृ', आपला 'भार' त्याचेच भाऊबंद. असबार म्हणजे ज्याला घोडा वाहून नेतो तो. इराणातल्या नक्श-ए-रुस्तम इथे सम्राट पहिल्या डरायसच्या थडग्यावर कोरलेले आहे: 'असबार उवासबार अमिय', म्हणजे स्वार म्हणून मी उत्तम स्वार आहे. त्यातला 'उ' म्हणजे आपला 'सु', आणि 'अमिय' म्हणजे 'अस्मि'. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या राजाचे हे वाक्य मराठी माणसाला जवळजवळ कळते! पुढे आरंभीचा 'अ' गळाला. अवधी बोलीत तो 'असवार' या रूपात टिकून आहे.

'स्वार' संस्कृत 'अश्ववार'वरून आला असे ठामपणे सांगणारे अभ्यासक आहेत. मला ते अजिबात पटत नाही. 'वृ' धातूचे अर्थ झाकणे, अडवणे, निवडणे. त्यातून घोड्यावर बसणारा कसा निघतो, हे त्यांनी दाखवावे. घोड्यावर बसणाऱ्यासाठी संस्कृतात 'सादिन्' आणि 'अश्वारोह' हे शब्द होते. 'अश्ववार' हे माझ्या मते इराणी शब्दालाच चढवलेले संस्कृत रूप आहे. शिवाय आपला तबेलाच पाहा: जीन, लगाम, खोगीर, चाबूक, सगळे फारसी. मग त्यांच्यावर बसणारा तेवढा संस्कृतातून आला?

'बारगीर'मध्येही हाच 'बार' आहे. फारसीत बारगीर म्हणजे ओझे घेणारे जनावर, घोडा. मराठ्यांच्या फौजेत मात्र बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावर बसणारा शिपाई. स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार. घोड्याचे नाव माणसाला चिकटले ते घोडा त्याच्या मालकीचा नव्हता म्हणून, असे मला वाटते. सरकारने घोडा दिला, आणि घोड्यानेच त्याला नाव दिले.

आता 'घोडेस्वार'. त्यात घोडा दोनदा येतो म्हणून काही जण तो शब्द अशुद्ध ठरवतात, आणि 'उंटस्वार', 'सायकलस्वार' यांनाही नावे ठेवतात. हा हट्ट चुकीचा आहे. 'स्वार'मधला घोडा बोलणाऱ्याला दिसेनासा होऊन शतके लोटली. एरवी, घरात पाऊल टाकणाऱ्या माणसाकडे पाहून 'स्वारी आली' असे आपण म्हटले असते का?